बारावं जोडपं

५ जानेवारी, रविवार

आज मंडळात माझं दहावं व्याख्यान झालं. विषय व्यक्तिस्वातंत्र्य. ‘आधुनिक जग घडवणारे दहा विचार’ ही मालिका एकदाची पुरी झाली. हजेरी नऊ. त्यातल्या दोघी पुढच्या हळदीकुंकवासाठी हॉल कधी रिकामा होतोय याची वाट बघत बसल्या होत्या, पण विषय नीट उतरला. शेवटचं वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हटलं, की माणसानं सरकार, धर्म आणि नातेवाईक यांपैकी कुणाच्याही भीतीनं जगू नये. टाळ्या झाल्या.

अणुवीज प्रकल्पातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तीस वर्षं पंप दुरुस्त केले, आता माणसं दुरुस्त करावीत असं वाटतं. हे वाक्य भाषणात वापरायला हरकत नाही.

चहाच्या वेळी दामू म्हणाला, “सर, बोलून झालं. आता काहीतरी करून दाखवू या.” दामूचं बोईसर स्टेशन रोडला फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्यामुळे त्याला करण्यापेक्षा दाखवण्यातलं जास्त कळतं. पण मुद्दा बरोबर होता आणि तो मला आधी सुचायला हवा होता.

८ जानेवारी

करण्यासारखं काय, ते आमच्याच स्वयंपाकघरात सापडलं.

जमुनाबाई सतरा वर्षं आमच्याकडे कामाला आहेत. माझ्या प्रतीक्षाची आई गेली तेव्हा पोर बारा वर्षांची होती. तिच्या वेण्या, तिचे डबे, तिचं आजारपण, सगळं यांनीच काढलं. मी त्यांना पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणतो. प्रकल्पाच्या कॉलनीत लोक हसायचे. समता हा माझा दुसरा विषय होता.

आज भाकरी थापता थापता सांगत होत्या, की त्यांच्या दीपाला विक्रमगडकडचं स्थळ आलंय. दीपा पालघरला नर्सिंग शिकते. पुढल्या वर्षी मांडव घालायचा. मग म्हणाल्या, “आमचा पन त्यातच.”

“तुमचा काय?”

“लगीन.”

मी पेपर खाली ठेवला. “म्हणजे तुमचं नि जिव्याचं लग्न झालेलं नाही?”

“ऱ्हाया आले तवाच झाला की. मांडव ऱ्हायलाय. पोरीच्या आगुदर आईबापाचा मांडव लागतो. मैनाबाय येल गाया.”

मैनाबाई म्हणजे त्यांच्या पाड्यातली धवलेरी. त्यांच्यात लग्न लावायचा मान बाईचा असतो. ती गाणी म्हणते आणि लग्न लागतं, भटजी लागत नाही. (‘स्त्रियांना पौरोहित्याचा अधिकार’ या माझ्या सहाव्या व्याख्यानात हे उदाहरण घालता आलं असतं. नोंद करून ठेवतो.)

पण वीस वर्षं एका छपराखाली राहायचं, तीन मुलं, आणि हातात कागद एक नाही. जिव्या ठेकेदाराकडे रसायनाच्या कारखान्यात आहे. उद्या त्याला काही झालं तर या बाईला कुठल्या कार्यालयात कोण दारात उभं करील? जमुनाबाईंनी यावर “हां” म्हटलं आणि भाकरी उलटली. त्यांच्यासारखी आणखी दहा जोडपी त्यांच्या सरावली गावातच सापडतील असं त्या म्हणतात. मी त्यांना नोंदणी मिळवून देणार. एवढ्या दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

अकरा जोडप्यांचे अर्ज भरले. दिवसभर जमुनाबाईंच्या ओटीवर बसून. प्रत्येकाचे दोन-दोन फोटो घेतले, अंगठे घेतले. जमुनाबाई सही करतात, प्रतीक्षानं शिकवलेली. सगळ्यांच्या सह्यांचा कार्यक्रम तेवीस मार्चला मंडळाच्या हॉलमध्ये ठरलाय.

अर्जावरच्या एका रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हितं काय लिवलंय?”

“अविवाहित.”

“मंग माजी पोरा कोनाची?”

मी हसून समजावलं की हा केवळ कायद्याचा शब्द आहे, मनाला लावून घ्यायचं नसतं. त्यांनी लावून घेतलं नाही. सगळ्यांना चहा केला.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहिल्याशिवाय हे बाहेर पडायचं नाही.

प्रतीक्षाचा पुण्याहून फोन आला. ती आणि तो भाग्येश नावाचा मुलगा दोन वर्षं एकत्र राहतात. मला तो ‘ऑफिसातला मित्र’ म्हणून माहीत होता. मागच्या दिवाळीला घरी येऊन माझा पंखासुद्धा दुरुस्त करून गेला. लग्न केलेलं नाही. आणि तिला सातवा महिना सरत आलाय.

मी विचारलं, कधी करणार? ती म्हणाली, “करूसुद्धा, बाबा. पण बाळाच्या भीतीनं नाही करणार.”

मग तिनं विचारलं, अगदी हळू, “पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना? मी येऊ?”

मी म्हटलं, विचार करून सांगतो. लेकीनं घरी येऊ का विचारलं आणि बापानं विचार करून सांगतो म्हटलं. हे वाक्य वाचून मलाच कसंतरी झालं, पण खोडत नाही.

४ फेब्रुवारी

विचार केला. मार्ग निघाला, आणि इतका सरळ आहे की आधी कसा दिसला नाही याचं नवल वाटतं. अकराच्या जागी बारा. तिनं आणि भाग्येशनं तेवीस मार्चला इथं यावं, सगळ्यांबरोबर सही करावी. मंडळाच्या अध्यक्षाची, म्हणजे माझी, मुलगी स्वतः पुढं येते याहून मोठं उदाहरण कोणतं? शिवाय कुणी मागून बोलायला जागा उरत नाही.

फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, मी सोळा वर्षांची असताना तुम्ही मला समोर बसवून सांगितलं होतं, सरकार, धर्म, नातेवाईक, कुणालाही भिऊन काही करू नकोस. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.”

“विचार वेगळा, व्यवहार वेगळा,” मी म्हटलं.

“मग तसं तेव्हाच सांगायचं होतंत.”

मी चिडलो. म्हटलं, आधी सही, मग माहेर. लग्नाशिवाय पोटुशी लेक घरात घेऊन मी मंडळात कुठल्या तोंडानं बोलू? ती म्हणाली, बरं. रडली नाही. रडली असती तर मी विरघळलो असतो. हे मला माहीत आहे आणि तिलाही माहीत असावं.

१६ फेब्रुवारी

बारा दिवस झाले, फोन नाही. मीही केला नाही. जमुनाबाईंनी विचारलं, “बाय कदी येल?” मी म्हटलं, कामात आहे. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग भांडी घासायला गेल्या. आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता.

मी चूक करतोय का? खरं सांगायचं तर त्या मुलाचा मला राग येत नाही. कागदाचाही प्रश्न नाही, कागद उद्याही होईल. मला भीती वाटते ती कॉलनीतल्या जुन्या लोकांची, जे म्हणतील, बघा, भोईटे जगाला शिकवत होता. ही भीती नातेवाइकांच्या सदरात बसते की नाही, ठरवता येत नाही.

१ मार्च

फ्लेक्स लागला. स्टेशन रोडला एक आणि सरावली नाक्यावर एक. दामूनं कमाल केली. अर्जांसाठी काढलेले सगळे फोटो त्यानं ओळीनं लावलेत, खाली नावं, आणि वर मोठ्या अक्षरांत: ‘लग्नाविना संसार करणाऱ्या अकरा जोडप्यांना प्रतिष्ठेचे जीवन!’ माझा फोटो नको म्हणालो होतो, त्यानं घातलाच. फोटो बरा आलाय.

प्रतीक्षाला मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं, ‘बारावी जागा रिकामी आहे.’ जरा गंमत म्हणून. निदान बोलणं सुरू होईल.

तासाभरानं उत्तर आलं. ‘जमुनामावशींना विचारलं होतं?’

चांगल्या कामाला विचारायचं काय असतं?

३ मार्च

जमुनाबाई आल्या नाहीत. कालही नाही. सतरा वर्षांत न सांगता एकही खाडा नव्हता.

४ मार्च

संध्याकाळी जिव्या आला. सुटी झाल्यावर कारखान्यातून तसाच, हाताला पिवळा रंग. खुर्ची दिली तर बसला नाही.

“साहेब, तो फलक काढा.”

मी कारण विचारलं.

“आमाला कोनी कदी इचारला नवता. आता सगले इचारतात.” जरा थांबून म्हणाला, “खात्यातले भैये म्हणतात, जिव्या, शादी मुबारक. दीपा कालेजात जात नाय. पोरी बोलतात तिला.”

मी त्याला बसवलं. अर्धा तास समजावलं. प्रतिष्ठा म्हणजे काय, कायद्याचं राज्य म्हणजे काय. हसणाऱ्यांची लाज हसणाऱ्यांनी बाळगावी, आपण का बाळगावी, हेही सांगितलं. हे मी चांगलं मांडलं, माझं मलाच पटत गेलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “बरा,” आणि गेला.

पाड्यातल्या माणसाशी शांतपणे बोललं की त्याला पटतं, हा माझा जुना अनुभव आहे.

६ मार्च

संतापजनक प्रकार. सरावली नाक्यावरचा फ्लेक्स कुणीतरी फाडला. फाडला म्हणजे पूर्ण नाही, ब्लेडनं एकच चौकोन सफाईनं कापून नेलाय. नेमका जमुनाबाई आणि जिव्याचा. दुपारी स्टेशन रोडचा बघून आलो, तिथंही तेच. त्या भोकातून मागच्या मोबाइल दुकानाची पाटी दिसते.

सुधारणेला विरोध करणारे लोक कुठंही असतात. दामूला म्हटलं पोलिसांत तक्रार देऊ. दामू माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत म्हणाला, “राहू द्या सर.”

२३ मार्च, रविवार

कार्यक्रम झाला. अकरापैकी सहा जोडपी आली. जमुनाबाई आल्या नाहीत.

मी चाळीस मिनिटं बोललो. मधे दोन मुलं रडायला लागली, एका माणसानं जेवण कधी आहे विचारलं. सह्या झाल्यावर एक म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, “गाना नाय?” कुणालाच काही कळेना. दामूनं घाईनं मोबाइलवर सनई लावली. म्हातारी थोडा वेळ ऐकत राहिली, मग चपला शोधायला लागली.

अर्ज उद्या कार्यालयात जमा होतील. एका बाईनं, तिचं नाव झुंबर, जाताना हात जोडले. म्हणाली, नवऱ्याला अपघात झाला तेव्हा कागद नाही म्हणून ठेकेदारानं मला दारातून परत पाठवलं होतं, आता बरं झालं. म्हणजे माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. हे मी इथं स्वच्छ लिहून ठेवतो, कारण आज हॉलमधून एकटा परतताना मला सारखं उलट वाटत होतं.

घरी आल्यावर चहा केला. साखर कुठल्या डब्यात असते ते मला माहीत नव्हतं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली नाही. कधीच उभारत नाही, पण जमुनाबाई दरवर्षी न विचारता श्रीखंड करायच्या.

प्रतीक्षाचा निरोप आला, महिनाभरानंतर पहिलाच. ‘बाबा, मी येतेय. तुमच्याकडे नाही.’

तीनदा वाचला. म्हणजे काय? येतेय तर कुठं? पालघरला तिची शाळेतली मैत्रीण आहे, तिथं असेल. की मला घाबरवायला लिहिलंय? फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला नाही. एवढा ताठा तिच्यात कुठून आला कोण जाणे.

तिची खोली मात्र झाडून घेतली. पलंगावर माझी पुस्तकं होती, ती खाली ठेवली.

९ एप्रिल

काही विशेष नाही. ऊन फार. पुढच्या मालिकेचा विषय ठरवायचा आहे. ‘कुटुंब’ घ्यावा असं दामू म्हणतो. मी म्हटलं नको.

दिवस मोजले तर तिचे भरत आलेत. पुण्यातल्या तिच्या घराचा फोन कुणी उचलत नाही. भाग्येशचा नंबर माझ्याकडे आहे. तीनदा काढला.

२० एप्रिल, रविवार

मंडळाच्या बैठकीला गेलो. दारातच दामूनं माझा हात हातात घेतला. “सर, अभिनंदन. आमची ही काल बारशाला जाऊन आली. बाळ एकदम तुमच्यावर गेलंय म्हणते.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

“जमुनाबाईंनी काय थाट केला होता म्हणे. दोनच खोल्या, पण सगळ्या आळीला घुगऱ्या. आणि स्वरा, नाव काय छान आहे. तुम्हीच सुचवलं असणार.”

मी “हो” म्हणालो.

मग बैठकीत बसलो. काय बोललो ते आठवत नाही. मला नात झाली, तिचं नाव स्वरा आहे, ती बारा दिवसांची आहे, हे सगळं मला एकाच वाक्यात कळलं आणि त्याच वाक्यावर मी खोटं बोललो. बोईसरच्याच दवाखान्यात झाली. जमुनाबाईंचं घर माझ्या दारापासून चालत बारा मिनिटांवर. त्या बारा दिवसांत मी रोज सकाळी फिरायला त्याच रस्त्यानं नाक्यापर्यंत जाऊन परत येत होतो.

माझ्या लेकीनं माहेर केलं, आणि ते दुसऱ्याच्या घरी.

२१ एप्रिल

गेलो नाही. तिनं कळवायला हवं होतं. जमुनाबाईंनी तरी. सतरा वर्षं ज्या घरचं मीठ खाल्लं. नाही, हे वाक्य बरोबर नाही. मीठ कुणी कुणाचं खाल्लं हे बघायला गेलं तर हिशेब माझ्या बाजूनं येत नाही. सतरा वर्षं मीच त्यांच्या हातचं खातोय.

२२ एप्रिल

गेलो नाही. नाक्यापर्यंत जाऊन आलो. फ्लेक्स अजून तिथंच आहे, कार्यक्रमाला महिना झाला तरी. दामूला सांगितलं, आजच्या आज काढ. त्यानं कारण विचारलं नाही.

संध्याकाळी दुकानात डिंकाचे लाडू मागितले. दुकानदार म्हणाला, थंडीत मिळतात, आता उन्हाळ्यात कुठले? मग म्हणाला, बाळंतिणीसाठी हवेत का? माझी बायको करून देईल परवा. मी म्हटलं, हो, माझ्या मुलीसाठी. पाच शब्दसुद्धा नसतील, पण घरी पोचेपर्यंत मी तेच मनात म्हणत आलो.

जमुनाबाई म्हणाल्या होत्या, ‘ऱ्हाया आले तवाच झाला की.’ मी ते ऐकलं होतं, इथं लिहूनही ठेवलं. त्यांचं लग्न झालेलंच होतं. जे राहिलं होतं ते त्यांना त्यांच्या माणसांत, लेकीच्या मांडवात, गाण्यासकट करायचं होतं. ते मी नाक्यावर टांगलं. हे दहा व्याख्यानांतल्या कुठल्या विचारात बसतं ते बघत बसलो. कुठल्याच नाही.

आणि प्रतीक्षाचं काय वेगळं आहे? तीही राहायला गेली. फरक एवढाच की जमुनाबाईंना लोकांनी कधी विचारलं नाही आणि तिला तिच्या बापानं विचारलं. तरी मनात कुठंतरी अजून वाटतंय, सही केली असती तर काय बिघडलं असतं. हेही लिहिलेलं बरं.

२४ एप्रिल

सकाळी नऊला गेलो. लाडवांची पिशवी हातात. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो, सवय आहे. आधी जमुनाबाईंची माफी, मग प्रतीक्षाची. दीपालाही काहीतरी म्हणायला हवं होतं, ते सुचलं नव्हतं.

दार उघडंच होतं. ओटीवर कूलर लावलेला, त्याची वायर खिडकीतून आत. जमुनाबाई पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांच्या नडग्यांवर बाळ उपडं, तेलानं चकाकणारं, मुठी वळलेलं. पाण्याचं पातेलं बाजूला. त्या तोंडानं काहीतरी पुटपुटत बाळाची पाठ चोळत होत्या. आत शेगडीचा धूर होता, ओव्याचा वास. आतल्या खोलीत पडद्यामागे बाज करकरली.

जमुनाबाईंनी वर बघितलं. मी पाहिलं की त्यांनी मला पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला बोलता आलं असतं. त्यांनी परत मान खाली घातली आणि बाळाच्या डोक्यावर हळूच पाणी घातलं. बाळ रडलं. माझ्या नातीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

आतून प्रतीक्षानं विचारलं, “मावशी, कोण आलंय?”

बाळाच्या कानात पाणी जाऊ नये म्हणून जमुनाबाईंनी हाताचा आडोसा केला.

“पावने हायत, बाय. तुज्या लेकीला बघाया आलेत.”

“बसायला सांगा ना त्यांना,” प्रतीक्षा म्हणाली. आवाज थकलेला होता, पण आनंदी. “चहा देते दीपा.”

‘अगं, मी आहे,’ एवढंच म्हणायचं होतं. चाळीस चाळीस मिनिटं बोलणारा माणूस मी. कोपऱ्यात दीपा उभी होती, ती माझ्याकडे न बघता स्टोव्हकडे वळली. जमुनाबाईंनी डोळ्यांनी ओटीवरची सतरंजी दाखवली. मी चपला काढल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि पाहुण्यासारखा बसलो.